ऐंशी टिचक्या

प्रिय घड्याळराव,

रागाने लिहायला बसले आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अक्षर असं का आलं याचा विचार करत बसू नकोस. फोन केला की तुझ्या ताई सांगतात, तो आंघोळीला गेलाय. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळीही आंघोळच. इतकी आंघोळ केलीस तर अंगाची सालं निघतील. शेवटी त्याच बिचाऱ्या कंटाळून म्हणाल्या, की तू तिथल्या गोदामात पोती मोजायचं काम धरलं आहेस. हसावं की रडावं, मला कळेना. ज्या माणसाने पाणीखात्याच्या साहेबांना सांगितलं की माझी मोजणी चुकली, त्याला मोजणीचंच काम मिळालं, आणि अजून म्हणे एका पोत्याचाही घोळ झालेला नाही!

उद्या त्या विहिरीतल्या अपघाताची चौकशी आहे. तू येणार नाहीस असं कळवून मोकळा झालास. मला मात्र जायचं आहे, कारण विहिरीत माणसं उतरवायच्या पाळण्याचे पट्टे मी शिवलेले आहेत आणि ते तुटले नव्हते, एवढं साहेबांना माझ्या तोंडून हवं आहे. तेवढंच सांगून घरी आले तर दोर सोडायच्या विंचच्या कामातून तुझं नाव कायमचं जाईल. त्याहून जास्त काही बोलले तर माझ्या दादाचं जे काही उरलंय ते जाईल. दादा पलीकडच्या खोलीत पडलाय, पाय प्लास्टरमध्ये, मधलं दार उघडं. मी शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय ते त्याला पलंगावरून दिसतं. मघापासून तो नुसता खोकतोय, आणि तो खोकला सर्दीचा नाही. त्यात माझ्या यंत्राच्या खणात ठेवलेली एक वस्तू सकाळपासून जागेवर नाही. ती वस्तू काय ते पुढे सांगतेच. कुणी घेतली असेल याचा अंदाज आहे, पण जाऊन विचारायचा धीर होत नाही. खण पुन्हा पुन्हा उघडून बघतेय, जणू ती आपोआप परत येणार आहे.

आता जे लिहिणार आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण उद्या मला ते न अडखळता सांगता यायला हवं, म्हणून तुझ्यावर सराव करतेय. जांभई आली तरी वाच. पंप जळला होता, अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडले होते आणि पाणीखात्याच्या कचेरीतून निरोपावर निरोप येत होते, की नवा पंप आजच्या आज विहिरीत उतरला पाहिजे. विहीर वीस मीटर खोल. तळाशी दगडी कट्टा, त्यावर पंप बसतो, आणि कट्ट्याच्या पलीकडे काळं पाणी. विहिरीवर आपली लोखंडी तिवई. तिच्या माथ्यावरच्या खोक्यात तीन कप्प्या, आणि ज्याला पाळणा टांगतात त्या खालच्या खोक्यात तीन. एकच दोर या सहाही कप्प्यांवरून फिरून तुझ्या विंचवर येतो. विंचपाशी बसलेल्याला पाळणा दिसत नाही, आणि खालून कुणी ओरडलं तर त्याचा नुसता घुमारा वर येतो. म्हणून वरच्या खोक्यातल्या टोकाच्या कप्पीला, म्हणजे विंचकडच्या कप्पीला, आपण पत्र्याचं पान स्क्रूने बसवतो. कप्पी एकदा फिरली की ते पान वरच्या पट्टीला लागतं आणि टिचकी वाजते. कप्पीचा घेर मीटरभर. पाळणा मीटरभर उतरला की सहा टिचक्या. तळापर्यंत एकशेवीस. शंभराला तू ब्रेकवर जोर द्यायचास आणि शेवटच्या वीस टिचक्यांत पाळणा असा टेकवायचास, की आत ठेवलेला चहा हिंदकळू नये.

त्या दिवशी शंभर आलेच नाहीत. ऐंशीला तुझ्या हातातलं वजन गेलं. मोजणीप्रमाणे पाळणा अजून सहा-सात मीटर वर असायला हवा होता, म्हणून तुला वाटलं की तो भिंतीतल्या जुन्या नळाला अडकला. अडकलेल्या पाळण्याला थोडा दोर सैल द्यायचा आणि झटका देऊन सोडवायचा, ही आपल्या टोळीची रीत. दादानेच ती तुला शिकवलेली. तू दोर दिलास. पण पाळणा अडकलेला नव्हता, कट्ट्यावर टेकलेला होता. दोर सैल पडल्याबरोबर तो कडेवर कलला, आणि पंपाचं लोखंडी धूड दादाच्या पायावर आलं. मी शेडखाली पट्टा शिवत बसले होते. विहिरीतून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे समजायलाच मला वेळ लागला. मग मी तुझ्याकडे बघितलं. तू ब्रेक घट्ट धरून बसला होतास आणि तुझे ओठ हलत होते. तू तेव्हाही मोजत होतास.

त्याच संध्याकाळी तू साहेबांना सांगितलंस, ऐंशी मोजले होते, मोजणी चुकली. मला दारात उभं राहून एवढंच म्हणालास, की माझं लक्ष नव्हतं. खांद्याला पिशवी होती. मी दवाखान्यातून डबा न्यायला आले होते, वहिनी तिकडे एकटी होती, आणि तुझ्याशी भांडायलाही मला फुरसत नव्हती. नंतर फुरसत मिळाली तेव्हा भांडायला तू नव्हतास. नळावर, दुकानात, टोळीत सगळे एकच बोलत होते: इतकी वर्षं ज्याच्या कानावर विश्वास ठेवून माणसं खाली उतरली, त्याचंच लक्ष उडालं. कुणी म्हणालं, तापातून उठलेला होता, डोकं ठिकाणावर नसेल. तू आदल्या आठवड्यात तापाने पडला होतास हे खरंच होतं. सगळं कसं चपखल बसत होतं.

एकच गोष्ट बसत नव्हती, ती म्हणजे तो आकडा. माणसाचं लक्ष उडालं तर तो काहीही म्हणेल. सत्त्याहत्तर म्हणेल, एक्क्याण्णव म्हणेल, नाहीतर कुठवर आलो होतो तेच आठवत नाही म्हणेल. तू स्वच्छ ऐंशी म्हणालास. आणि तू कसा मोजतोस हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू टोळीत नवा होतास तेव्हा मी शिवलेला पट्टा उलटसुलट करून बघितलास आणि म्हणालास, चव्वेचाळिसावा टाका वाकडा आहे. मी तणतणत मोजायला बसले. चव्वेचाळिसावाच निघाला. तेव्हाच मी ठरवलं होतं, की या माणसाशी एकतर कायमचं भांडण करायचं नाहीतर लग्न. पुढे दोन्ही केलं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात तू माझ्या शिंकासुद्धा मोजायचास. अशा माणसाच्या चाळीस टिचक्या कुठे हरवतील? आणि हरवायच्याच होत्या तर बरोबर एक तृतीयांश कशा हरवल्या, मोजून कापल्यासारख्या?

मग मी कप्प्या केल्या. हसू नकोस. दोऱ्याची सहा रिकामी रिळं घेतली. तीन रिळं एका विणायच्या सुईत ओवून ती सुई खुर्चीच्या पाठीला आडवी बांधली, तीन दुसऱ्या सुईत ओवून खाली लोंबत ठेवली आणि त्या सुईला पाळणा म्हणून माझी मोठी कात्री टांगली. दोऱ्याचं एक टोक वर बांधलं. मग दोरा खालच्या रिळाखालून, वरच्या रिळावरून, पुन्हा खालून, पुन्हा वरून, असा सहाही रिळांवरून घेतला आणि मोकळं टोक हातात धरलं. प्रत्येक रिळावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. आणि रिळाच्या एका घेराइतकी कात्री खाली सोडली. पहिलं रीळ एकदा फिरलं. पुढचं दोनदा. त्यापुढचं तीनदा. मग चार, मग पाच, आणि माझ्या हाताजवळचं शेवटचं सहा वेळा. दोरा एकच, ओझं एकच, रिळं सगळी सारख्या मापाची, पण फिरणं प्रत्येकाचं वेगळं. जे जितकं टोकाला तितकी त्याची धावपळ जास्त. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखं, असं मनात आलं, पण वहिनी समोर होती म्हणून बोलले नाही.

म्हणजे वरच्या खोक्यातल्या तीन कप्प्या बघ. आतली मीटरमागे दोनदा फिरते, मधली चारदा, टोकाची सहादा. वीस घेरांइतकी आपली खुर्ची उंच नाही, म्हणून मी कात्री दहाच घेर सोडली. टोकाचं रीळ साठ वेळा फिरलं. मधलं चाळीस. दुप्पट करायला मला तू लागत नाहीस. एकशेवीस आणि ऐंशी! मी खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते ती तशीच बसून राहिले. तू चुकला नव्हतास. त्या दिवशी ऐंशीच टिचक्या वाजल्या होत्या, तू त्या सगळ्या ऐकल्या होत्यास, पण त्या टोकाच्या कप्पीच्या नव्हत्या. पान मधल्या कप्पीवर होतं.

हे मी पुटपुटत होते की मोठ्याने बोलत होते कोण जाणे, पण मान वळवली तर दादा पलंगावरून, उघड्या दारातून माझ्याकडे बघत होता. रिळांकडे नाही, माझ्याकडे. मी विचारलं, शेवटची दुरुस्ती कुणी केली? तोच म्हणाला, "मी." तू तापात होतास ना तेव्हाच. टोकाची कप्पी सगळ्यात जास्त फिरते, तिचा बुश, म्हणजे आसाभोवतीची कडी, लवकर झिजतो, म्हणून प्रत्येक दुरुस्तीला टोकाची मधे आणि मधली टोकाला बसवायची हे तुमचं ठरलेलं. कप्प्यांची जागा बदलली की पान काढून नव्या टोकाच्या कप्पीला लावायचं, हेही ठरलेलं. पण पानाचे स्क्रू गंजले होते. निघेनात. खाली कचेरीतला माणूस घड्याळ दाखवत उभा. दादाने काय केलं, पान कप्पीवर तसंच राहू दिलं आणि वरची पट्टी मधे सरकवून घेतली. कप्पी हाताने फिरवून बघितली, टिचकी वाजली. तू कामावर आल्यावर त्याला विचारलंस, पान हलवलं ना? आणि तो म्हणाला, "टिचकी वाजतेय ना? मग झालं तर." हे सगळं त्यानेच मला सांगितलं. छताकडे बघत सांगितलं.

दादाला मी लहानपणापासून ओळखते. तो लबाड नाही. त्याला खरंच वाटलं होतं की टिचकी वाजली म्हणजे काम झालं. तो सगळ्यांच्या आधी त्याच पाळण्यात बसला, यावरूनच समजून घे. त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला तो दवाखान्यात, आणि तोवर तू सगळं अंगावर घेऊन गाव सोडलं होतंस. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मी बोलायच्या आत तोच बोलून गेला." मग म्हणाला, तिवईवर मी आता कधी चढणार नाही, मला शेडमधलं बसून करायचं काम उरलंय, आणि ज्याच्या हातून असा घोळ झाला त्याला शेड कोण देईल? तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हिशेब सांगावा तसं बोलत होता, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, जी आधीच घासलेली होती.

इथवरचं तुला कळवायचं होतं तर मी ते परवाच लिहिलं असतं आणि अगदी गोड पत्र लिहिलं असतं. राजा, तुझी चूक नव्हती, ये परत, वगैरे. मनात मायना जुळवतही होते. पण काल विहिरीवर पट्टे मोजून द्यायला गेले, तर पहारेकरी मामा गप्पांना बसले. म्हणाले, तुमच्या यजमानांचं मला नवल वाटतं बाई, जखमी माणसाला गाडीत घातल्यावर सगळे दवाखान्याकडे पळाले आणि हे एकटे तिवईवर चढले. बराच वेळ वर होते. खाली आले तर कोपरापर्यंत वंगण. माझ्याकडून रॉकेल मागून घेतलं, हात धुतले, आणि तसेच साहेबांच्या खोलीत गेले. मामांनी ते भाबडेपणाने सांगितलं. मी मात्र पट्टे मोजायचे अर्धेच सोडले. ज्याला वाटतं आपलं लक्ष उडालं, तो वर कशाला चढेल?

घरी आले आणि तुझा कामाचा कोट खुंटीवरून काढला. तो तू मुद्दाम इथेच टाकून गेलास ना, आता हे काम नको म्हणून. आतल्या खिशाला भोक पडलंय, ते मी कधीची शिवणार होते. भोकातून हात घातला तर अस्तरात खाली पत्र्याचं पान. दोन्ही स्क्रूंसकट! स्क्रूची डोकी छिन्नीने तासलेली. म्हणजे दादाला जे निघाले नाहीत ते तू रागाने, दुःखाने, कशाने का होईना, पण काढलेस. पट्टी परत टोकाला सरकवून ठेवलीस. साहेबांनी नंतर खालूनच वर बघितलं तेव्हा पान नाही. पडलं असेल विहिरीत, म्हणाले. तुला सगळं माहीत होतं. ऐंशीला वजन गेलं तेव्हा नसेल, पण तिवईवरून खाली उतरलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं, आणि मग तू जाऊन सांगितलंस की मोजणी चुकली.

बरं, खोटं बोलायचंच होतं तर आकडा तरी खोटा सांगायचास! पण मोजलेला आकडा बदलायला तुझी जीभ वळली नाही. तेवढ्यावरूनच सापडलास तू मला.

का केलंस तेही मला कळतं. तुला कुणी काम देत नव्हतं तेव्हा दादाने टोळीत घेतलं, लग्नानंतर आपल्याला या घरात खोली दिली, कधी एका शब्दाने ऐकवलं नाही. त्याचा पाय गेलेला तू डोळ्यांनी बघितलास आणि वाटलं, आता त्याची भाकरी तरी जायला नको. तुझं मन मोठं आहे, मान्य. पण ते मोठं मन दाखवताना खर्च माझा झाला. तुम्ही दोघांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता वाटणी करून घेतली. त्याच्या वाटणीला शेड, तुझ्या वाटणीला आळ आणि गोदाम. मी कुणाच्या वाटणीला आले? मला विचारलंत का? एकजण छताकडे बघतो, दुसरा आंघोळीला जातो, आणि मधे मी नवऱ्याचं लक्ष उडालं म्हणून नळावर मान खाली घालते. उपकार फेडायचे होते तर मिळून फेडले असते. मी काय नाही म्हणाले असते? म्हणाले असते कदाचित. पण विचारायचं होतंस.

लिहिता लिहिता थांबावं लागलं. वहिनी आली होती. एका हातात चहा, दुसरी मूठ बंद. तिने कप यंत्रावर ठेवला आणि विचारलं, "उद्या तू बोललीस तर आम्ही कुठे जायचं?" मी म्हणाले, मला माहीत नाही वहिनी. मग तिने मूठ उघडली. माझ्या खणातलं पान तिच्या हातात होतं, घामाने ओलं झालेलं. कडेने तळहात कापला होता. म्हणाली, सकाळपासून दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आले, टाकवेना. आणि ते कपाशेजारी ठेवून गेली. इतकी वर्षं मी हिला घाबरट समजत होते. मी पान आता ब्लाउजमध्ये ठेवलंय, टोचतंय, टोचू दे. खणावर माझा विश्वास उरलेला नाही.

उद्या मी सांगणार आहे. पट्टे तुटले नव्हते हे सांगेन, आणि मग न विचारता पुढचं सांगेन. सहा रिळं, दोन सुया आणि कात्री पिशवीत भरली आहे. साहेबांच्या टेबलावर मांडीन आणि फिरवून दाखवीन. तिवईला त्यांनी टाळं लावून ठेवलंय, वर कुणी गेलेलं नाही. पान तू खिशात घातलंस, पण कप्पीवर पडलेले छिन्नीचे ताजे घाव खिशात घालता येत नाहीत. ते मधल्या कप्पीवर असणार. चढा आणि बघा, म्हणेन. आणि हेही सांगेन की दुरुस्तीनंतर वाळूची पोती घालून एक रिकामी खेप करायची असते, ती करू दिली नाही ती त्यांच्याच कचेरीने. ती केली असती तर पोती आपटली असती, माणूस नाही. म्हणजे दादाच्या एकट्याच्या डोक्यावर ते खापर फुटणार नाही, निदान मी फुटू देणार नाही. शेडची नोकरी त्याला मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित नाही मिळणार. हा विचार आला की मी पेन खाली ठेवते आणि पुन्हा उचलते. दादाने घराबाहेर काढलं तर जाईन, पण तोवर त्याचं औषधपाणी मीच बघणार आहे, त्याला आवडो न आवडो. आत्ताच त्याने आतून हाक मारली. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "लिही तू. पण उद्या मला विचारलं तर माझ्या तोंडून वदवून घेता येणार नाही त्यांना." मी हो म्हणाले. त्यापेक्षा जास्त मी त्याच्याकडून मागणार नाही.

तुझ्याकडून मात्र मागणार आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. परवानगी मागायला लिहिलेलं नाही. आजच्या टपालात पडून तुझ्या हाती येईपर्यंत माझं बोलून झालेलं असेल. साहेब घाव बघतील, रिळं बघतील, आणि मग म्हणतील, बाई नवऱ्याला वाचवायला बघतेय. हे पान तिच्याकडे कसं आलं, कप्पी मागाहून कुणी बदलली नसेल कशावरून? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दादा तोंड उघडणार नाही. वर कोण चढलं आणि काय बघितलं, हे सांगू शकणारा तू एकटा आहेस. त्यांचा माणूस तुझ्याकडे गोदामात येईल. तू पुन्हा "माझीच चूक" म्हणालास, तर तुझं मोठं मन तुला लखलाभ, पण इथे मी पाय मोडलेल्या भावावर खोटा आळ घेणारी बहीण ठरेन, जन्मभरासाठी, आणि तसं मला तू केलेलं असशील. पान काढलंस म्हणून तुला चार शब्द ऐकावे लागतील, ऐकून घे. तो माणूस विचारेल, किती मोजले होते. तू ऐंशी म्हणशील. मग तो विचारेल, कुठल्या कप्पीचे. तेही सांग.

भयंकर रागावलेली, आणि तरीही तुझीच,
शिवणवाली